गेरूचा ओटा

हॅलो?… हो, अंबरनाथच. सुंदराबाईचा पीसीओ, बोला… कोण? तुळशी? अगं मोठ्यानं बोल, बाहेर बोंबाबोंब चाललीय…

हो, हो… अगं ऐक ना. जिवंत आहे. तुझा नवरा जिवंत आहे. आधी ते रडणं थांबव… कोणी सांगितलं तुला मेला म्हणून? विठानं? तिला काय, बातमी लागते कसली तरी… इथंच आहे तो, माझ्याकडं. आत, माझ्या पिठाच्या गिरणीच्या मागं पोत्यांच्या आड बसवलाय… नाही, फोनवर नाही येणार. बूथ काचेचा आहे माझा, रस्त्यावरून सगळं दिसतं. तू कुठनं बोलतेस? कात्रपच्या वाण्याकडनं? मग त्याला सांग, लाइन सोडायची नाही.

लागलंय ना. खोटं कशाला सांगू? डोकं फुटलंय. उजवा हात मोडलाय बहुतेक, सुजून भाकरीएवढा झालाय. कान… कानाचं नंतर बघू. हळद दाबली, जुना परकर फाडून बांधला… शुद्धीवर आहे गं. जनू भाऊ आहे माझा, मी मरू देईन का?

कोणी म्हणजे? सगळ्यांनी! काल ज्यांनी चहा पाजला त्यांनीच आज लाथा घातल्या. त्याच्या मजुरांच्या टोळीतल्या एकाला घणाच्या दांड्यानं असा हाणला, तुळशे, गटारात पडला तो अजून उठलेला नाही… रस्त्याचा ठेकेदार? तो पहिल्या दगडालाच जीप घेऊन पसार. मुकादम म्हणून मार खायला तुझा नवरा आहेच की.

सांगते. मधे बोलू नको…

रस्ता मोठा होणार हे तर तुला ठाऊक आहे. माणसांना चालायला फूटपाथ, मधे डिव्हायडर, टेम्पो एकीकडनं जाणार, दुसरीकडनं येणार. आमच्या आळीतली गंगू टेम्पोखाली गेली तेव्हापासून आम्हीच मागत होतो ना ते. मोर्च्यात सगळ्यात पुढं बनूबाई. ओरडून ओरडून घसा बसला होता तिचा… हो, तीच, समोरच्या भगवंतची आई… थांब ना, तिच्यावरच येतेय.

तर ओटे पाडायचे ते फक्त आमच्या बाजूचे. जनूनं गेरूनं लाल खुणा केल्या. पहिली खूण कुठं, तर माझ्या ओट्यावर! सख्ख्या बहिणीच्या! म्हटलं, मेल्या, भाऊबीज तोंडावर आलीय, लाज वाटते का? तर म्हणतो, ताई, तुझ्यापासून सुरुवात केली की मला कोणी नावं ठेवणार नाही… मी पण हसले गं तेव्हा.

बनूबाईचा ओटा समोरच्या बाजूचा, तो वाचला. जनू स्वतः सांगून आला तिला, मावशी, तुझ्या ओट्याला कोणी हात लावणार नाही. एवढी हरखली म्हातारी! दिवाळी आलेलीच. आज सकाळी ओटा धुतला, आणि हौसेनं सगळाच्या सगळा गेरूनं सारवला. मोठी रांगोळी काढायची होती तिला…

कळलं ना तुला? हो गं… तेच झालं.

जनूनं टोळीला सांगून ठेवलेलं, लाल दिसेल तिथं घण घाला. पोरं बाहेरगावची, आजच कामावर आलेली. आणि हा नाक्यावर रिक्षा अडवायला गेला. त्यांनी काय बघितलं? सगळ्यांच्या ओट्यावर रेघभर लाल, हिचा तर अख्खाच लाल. म्हणजे अख्खा पाडायचा! कोणी ओरडेपर्यंत पहिला घण खांबावर बसला. वरचा छज्जा सगळा खाली… बनूबाई खालीच बसली होती, रांगोळी चाळत.

कमरेपासून खाली काही राहिलं नव्हतं, तुळशे. मी माझ्या हातांनी विटा काढल्या… नको, नको विचारू. भगवंतनं टेम्पोत घालून उल्हासनगरला नेलंय, मोठ्या दवाखान्यात.

जनू ना? पळून जायचं सोडून तिच्याकडंच धावत आला गं. छज्जा उचलायला लागला एकटा. तिथंच धरला त्याला… पोलीस? होते दोन. टपरीमागं जाऊन उभे राहिले. मीच लोकांच्या पायांतनं ओढून आणला त्याला. धूळ एवढी होती, कोणाला दिसलंच नाही.

एक मिनिट… सेठ! ओ सेठ! शटर गिराओ अपना, लोग इधर आ रहे हैं!… तुळशे, टोळकं आलं. सळया आहेत हातात. एकाकडं रॉकेलचा डबा पण… आता मी काय बोलेन ते नुसतं ऐक. ठेवू नको. तू राजाबाई आहेस, मांजर्लीची. समजलं? राजाबाई.

हां, बोल राजाबाई… नाही गं, नाही झालं तुझं दळण. गिरणी बंद आहे, गोंधळ चाललाय इथं… काय रे? काय पाहिजे?… जनू? मी काय खिशात घालून फिरते त्याला? स्टेशनकडं पळताना बघितलाय लोकांनी, तिकडं बघा… तुला नाही गं राजाबाई. भाजणीचं काय म्हणत होतीस?… अगं भाजणीसाठी कोणी रडतं का? गप्प.

ए! काचेला हात लावायचा नाही! सांगून ठेव— फोडली! फोडली मेल्यांनी!… आहे, आहे मी. दंडात घुसलीय एक. असू दे, फोन ठेवू नको.

भगवंता?… अरे, तू कधी आलास? आईला दवाखान्यात एकटं टाकून… बोल ना. असा काय बघतोस?…

गेली?

राजाबाई… बनूबाई गेली गं.

भगवंता, ती सळई खाली ठेव, बाबा. बस. पाणी देते… जमिनीकडं काय बघतोस? ते? ते गेरूचे पायांचे ठसे माझेच आहेत, मीच नाही का विटा काढायला आले होते… मोठे आहेत तर आहेत! माझे पाय मोठेच आहेत!… तिकडं जाऊ नको. गहू आहे तिथं नुसता. भगवंता, मी पाया पडते तुझ्या…

जनू! अरे खाली बस! कशाला उठलास, मेल्या, कशाला उठलास!…

तुळशे, उभा राहिला गं तो. पोत्यांतनं बाहेर येऊन उभा राहिलाय, एक हात छातीशी धरून. मावशी गेली का, विचारतोय… नाही गं, पळत नाही. पळायचंच नाहीये त्याला…

नको! भगवंता, नको!… खांद्यावर बसली एक. पडला… ओरड! तुळशे, जोरात ओरड, त्याला ऐकू जाऊ दे! भगवंता, थांब! हे घे. हा फोन घे. याची बायको आहे पलीकडं. सांग तिला, तुझ्या नवऱ्याला मारतोय म्हणून. तुझ्या तोंडानं सांग, मग मार. मी मधे येत नाही… घे! कानाला लाव!

हॅलो?…

मी… मी भगवंत बोलतोय, तुळशीवहिनी… हो. समोरच पडलाय… आहे. श्वास चालू आहे.

ऐकतोय… माहितीय मला. तुमच्या दोन्ही बाळंतपणांत आईच होती. शेक, शेगडी, सगळं तीच… माहितीय हो वहिनी, नका सांगू…

नाही. फार काही बोलली नाही. टेम्पोत एकदाच डोळे उघडले. म्हणाली, जनूला बोलाव, ओटा सगळा खराब झाला रे, परत बांधून दे म्हणावं…

हो. त्याचंच नाव घेतलं… मला कळलंच नाही वहिनी, मी त्यालाच…

ठेवली. सळई ठेवली खाली… सुंदरामावशी, उठवा त्याला. मागच्या दारानं काढा. माझ्याकडं काय बघताय? काढा!

ए! कोणी आत यायचं नाही! माझी आई मेलीय, तुमची नाही मेली! मी सांगतोय ना, मागं— दारात रॉकेल कोणी ओतलं? कोणी ओतलं रे? माझ्या आईच्या नावानं तू कोण जाळणारा? काडी विझव! विझव ती!…

वहिनी, आहात ना?… सुंदरामावशी घेऊन गेल्या त्याला. बाहेर पडले दोघं, बोळातनं… नाही, मला नाही जाता येत, दारात मीच उभा आहे, हललो तर हे त्याच्या मागं धावतील… उंबऱ्याला लागलीय, धूर आहे हो थोडा… ऐका, तो येईल. चालत, रांगत, कसाही येईल तो कात्रपला. तुम्ही दार उघडं ठेवा. आणि त्याला एवढंच सांगा, आईनं त्याला ओटा—

हॅलो… हॅ—