स्वतःचा फोटो चालत नाही

— नाही हो चष्मेवाले, स्वतःचा फोटो चालत नाही. दुसऱ्या कोणीतरी आणून द्यायचा असतो. बायको, मुलगी, भाऊ, अगदी शेजारीणसुद्धा चालते — पण आपला फोटो आपणच आणायचा, काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचं, काकू, आजपासून मला गोड देऊ नका — असं नाही होत. का म्हणजे? नियम आहे. कोणी केला? मीच केला, आणखी कोण करणार, बेकरी माझी, काच माझी. उचला तो. चांगला आलाय हं, पण यात तुम्ही बारीक आहात, बराच जुना दिसतो.

बसा की, ते स्टूल घ्या. दुपारचं कोणी येत नाही, आणि आमचे हे आत भट्टीपाशी पोत्यांवर आडवे झालेत, पाव फुगेपर्यंत उठायचे नाहीत. तुमचं चष्म्याचं दुकानही आत्ता बंदच असणार. ही काच बघताय ना — हिच्याखाली जे जे दिसतायत, त्या सगळ्यांना माझ्याकडे केक-बिस्किटांची बंदी. हे सुरू झालं त्या मिशीवाल्यापासून, तो कोपऱ्यातला, बस चालवायचा. त्याची बायको एकदा अशीच भर दुपारी आली, म्हणाली, ह्यांना साखर निघालीय, घरात मी डोळ्यांत तेल घालून बघते, पण कामावरून येताना तुमच्याकडे थांबतात आणि रोज दोन क्रीम रोल हाणतात, तेवढं देऊ नका. मी म्हटलं, अहो बाई, दिवसाकाठी एवढी तोंडं समोर येतात, मी कुणाकुणाला लक्षात ठेवू? तर तिने पर्समधून फोटो काढला आणि दिला सरकवून काचेखाली. संध्याकाळी स्वारी आली. क्रीम रोल म्हणाला, मी नुसतं बोट ठेवलं. त्याने बघितलं. बघतोय बघतोय — मला वाटलं, आता हा माझ्यावर ओरडणार — तर शेजारच्या गिऱ्हाइकाला कोपर मारून म्हणतो कसा, बघा, आमच्या हिने माझा फोटो लावलाय. अहो, पोलीस चौकीत फोटो लागला तर माणूस गाव सोडून जाईल, इथे लागला तर मिरवतात. आठवड्याभरात दुसरी आली नवऱ्याचा घेऊन, मग एक मुलगा आईचा घेऊन आला, मग काय, रीघच लागली.

आता हा बघा. हा कोण, ओळखा. — बरोबर, डॉक्टरच. चौकातले. त्यांच्या बायकोने दिलाय. जे मला सांगतात, साखर सोडा, चाला, वजन उतरवा — लोका सांगे ब्रह्मज्ञान. एकदा हेल्मेट घालून आले, काच खाली ओढून, आवाज जाडा करून म्हणाले, चॉकलेट केक द्या एक. मी म्हटलं, डॉक्टर, हेल्मेटमधून खाणार कसा? तसेच गेले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी समोर बसले, तर माझ्याकडे बघेनात, कागदाकडेच बघून सगळं सांगितलं. काय सांगितलं ते — ते जाऊ दे.

धंदा? धंद्याला काय धाड भरलीय. नाही म्हणणारी बेकरीवाली म्हणून लोक लांबून येतात. ज्याला केक मिळत नाही तो कोंड्याचा पाव घेऊन जातो, औषध घेतल्यासारखं तोंड करून, पण घेतो. रिकाम्या हाताने जायची लाज वाटते ना माणसाला.

हं? नाही, हा तुकडा आहे. तुकडे धरायचे नसतात. ट्रेमधून काढताना जी बिस्किटं मोडतात ती या बरणीत टाकतो, ती कोणाला विकता येत नाहीत, मग टाकून द्यायची का? अन्न आहे. तुम्हाला नाही हं देत, तुम्ही फोटो घेऊन आलायत, तुमच्यासमोर मीच जरा अवघडल्यासारखी — पण हा एवढासा आहे. बघा, एवढासा.

तर काय सांगत होते — स्वतःचा का चालत नाही. चष्मेवाले, विचार करा. मागणारे तुम्ही. नाही म्हणणारे तुम्ही. मग भांडण कोणाचं? तुमचंच तुमच्याशी. आणि ते मिटवायला कोण बसणार? तुम्हीच. म्हणजे तडजोड आलीच — अख्खा नको, अर्धा घेऊ. आज घेऊ, उद्यापासून नको. उभ्याने खाऊ, बसून नको. उद्या याल आणि म्हणाल, काकू, तो फोटो मीच लावला होता, मीच काढतो. तेव्हा मी काय म्हणू? ज्याचा फोटो त्याचा हक्क. दुसऱ्याने लावलेला असला म्हणजे कसं, काढताना त्याचं तोंड आठवतं. त्या बसवाल्याचंच बघा. त्याची बायको गेली, हिवाळ्यात, चार दिवस तापाचं निमित्त झालं. त्यानंतर पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मला इतकं वाईट वाटलं, मी आपणहून क्रीम रोल बांधायला घेतला, आणि म्हटलं, भाऊ, आता तो फोटो काढते. माझी अक्कल बघा. तर त्याने काचेवर पंजा ठेवला. म्हणाला, राहू दे, तिने लावलाय. तेव्हापासून रोज पायी येतो, बसडेपोच्या पलीकडून, एवढ्या लांबून. फोटो आहे ना जागेवर, बघतो, छोटा पाव घेतो, जातो. आता इतका उतरलाय की फोटोवरून ओळखू येणार नाही. डॉक्टरांचा लाडका पेशंट झालाय.

तुम्हाला कोणीच नाही का हो? बहीण-बिहीण? नाही, विचारते आपलं. कारण तुम्ही रोज दुकान बंद करून येता आणि दोन पेस्ट्र्या बांधून नेता, दोन, आणि म्हणता, पाहुणे आलेत. मी कधी काही बोलले? समोरच्याच इमारतीत राहता तुम्ही, जिना माझ्या दारातून दिसतो. इतकी वर्षं झाली, जाताना-येताना एक पाहुणा दिसला नाही. मी दोन वेगळ्या खोक्यांत बांधते की नाही? एकात बांधलं तर तुम्हाला बरं वाटणार नाही म्हणून. — बरं, रागावू नका. चष्मा पुसायचं कारण नाही, मी कोणाला सांगत नाही.

ही? ही कोण म्हणजे? कुठे? बरणीखाली — अहो बरणी सरकवू नका, ती तिथेच असते. कोणीतरी आहे. जुनी बाई आहे एक. — तुमच्यापुढे डोळ्यांचं काय लपवणार, तुमचा धंदाच तो. मीच आहे. दोन वर्षांपूर्वी लावला, रिपोर्ट आला त्या दिवशी. म्हटलं, सगळ्या गावाला अडवतो आपण, स्वतःला का नाही? पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी फोटोकडे बघून तोंड वेडावलं. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर बरणी ठेवली. तीही ही बरणी. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ना, तसं. आणि खरं सांगू — बिस्किटं एवढी आपोआप मोडत नाहीत. ट्रे जरासा आपटावा लागतो. आमच्या ह्यांना वाटतं, ट्रे वाकडा झालाय. नवीन आणला बिचाऱ्यांनी.

चालायलाही जात होते. हसताय काय, खरंच जात होते, बूट घेतले होते. आता बेकरीवालीने चालायला निघायचं म्हणजे सगळे विचारणार, काकू कुठे निघालात, म्हणून मी मागच्या गल्लीने जायची, थेट बाजारापर्यंत. आणि बाजाराच्या तोंडाशी ती दुसरी बेकरी आहे, तुम्हाला माहीत आहे. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. मी पैसे देऊन केक खाल्ला, चष्मेवाले. माझं दुकान केकने भरलेलं, आणि मी दुसऱ्याच्या दुकानात उभी राहून, भिंतीकडे तोंड करून, पैसे देऊन. आणि चांगला नव्हता हो. सोडा जास्त पडलेला. तरी संपवला.

आमचे हे? ते कशाला अडवतील. देवमाणूस. प्रत्येक घाणा निघाला की पहिला तुकडा माझ्या तोंडात — चव बघ म्हणतात. लग्न झालं तेव्हापासून. मी एकदा म्हटलं, अहो, मला अडवत जा. तर हसले, म्हणाले, तुला अडवणारा मी कोण, तुझंच राज्य आहे. प्रेमाने म्हणाले. त्यावर काय बोलायचं? अडवणाऱ्या होत्या त्या सासूबाई. त्या तिथे, पडद्याच्या आड खुर्चीवर बसायच्या. त्यांना दिसायचं नाही काही, मोतीबिंदू पिकलेला, पण कान असे की बरणीचं झाकण फिरलं की आतून आवाज — पुरे. एवढंच. शिव्या नाहीत, टोमणे नाहीत, पुरे. सगळं आयुष्य मी त्या एका शब्दावर जळले. वाटायचं, म्हातारी माझ्या तोंडातला घास मोजते, हिच्या मुलाचं दुकान बुडतंय का माझ्या एका बिस्किटाने? त्या गेल्या तेव्हा, खरं सांगते, पहिल्या दिवशी मी बरणी मांडीवर घेऊन बसले. झाकण फिरवलं. आतून काही नाही. आणखी एकदा फिरवलं, मुद्दाम, जोरात. दुकानात इतकं शांत होतं की मला माझ्याच चावण्याचा आवाज यायला लागला. फार वाईट वाटलं हो. त्या दिवशी समजलं, ती बाई घास मोजत नव्हती.

तरी खाल्लंच. त्याला काय — जित्याची खोड.

नाही, उठून दाखवता येणार नाही मला, ते वरचं खोकं तुम्हीच काढा, कोंड्याचा पाव त्यात आहे. नाही हो, गुडघा नाही. पाय. चप्पल कापलीय पुढून, दिसतंय ना, अंगठ्याला जरा लागलंय. ट्रेचा कोपरा पडला होता — तोच, नवा. भरेल. म्हणजे भरत नाहीये, पण भरेल. ट्रे पडला तेव्हा अंगात स्वेटर होतं, आता पंखा लावून बसतो, एवढंच. डॉक्टर म्हणाले — हळू बोला, हे उठतील — डॉक्टर म्हणाले, साखर अशीच राहिली तर आधी अंगठा जाईल, मग पुढचं पुढे बघू. पुढचं पुढे म्हणजे काय, ते काही बोलले नाहीत, कागदाकडेच बघत होते. मी ह्यांना सांगितलेलं नाही. कसं सांगू? सांगितलं तर त्यांना कळेल की आतापर्यंत जे प्रेमाने भरवलं ते — नाही, त्यांचा काय दोष, मीच तोंड उघडायची. आणि तुम्हाला का सांगतेय मी हे सगळं? तुम्ही आलात फोटो लावायला. मी तुम्हाला म्हणतेय स्वतःचं स्वतःला जमत नाही, आणि त्याला पुरावा म्हणून स्वतःचा पायच काढून दाखवतेय. घ्या, पाव घ्या, ऐकत काय बसलात माझी रडगाणी. तोंड कोरडं पडलं बोलून बोलून, एक तुकडा —

हे काय? झाकण का लावलंत? चष्मेवाले, हात काढा. बरणीवरचा हात काढा म्हणते. माझी बरणी आहे, माझं दुकान आहे, तुम्ही गिऱ्हाईक आहात. तुम्ही कोण मला —

काय म्हणालात?

पुरे? मला म्हणालात?

नाही, नाही. पुन्हा नका म्हणू. ऐकू आलं.

थांबा जरा. काही नाही, मैदा उडतो इथे, डोळ्यांत जातो.

...

ती बरणी त्या वरच्या फळीवर ठेवा. नाही, आणखी वर. तिथे माझा हात पोचत नाही. तुमचा पोचतो, ते दिसतंय, पण तुम्हाला इथे हात लावायची बंदी आहे. कधीपासून काय — आत्तापासून. द्या इकडे तो फोटो. स्वतःचा चालत नाही ते खरंच, पण हा तुम्ही नाही लावत, मी लावतेय. इथे, बसवाल्याच्या शेजारी. आणि तो खालचा, माझा — तो जरा सरळ करा तुमच्या हाताने. हं. राहू दे तसाच, उघडा.

पायाचं ह्यांना मी सांगते, आजच सांगते, तुम्ही तोंडातून काढू नका. उठा आता, गिऱ्हाइकं यायची वेळ झाली. नाही, पेस्ट्री नाही. एकही नाही. काचेकडे बघा आणि मग मागा. जा, घरी जा, आणि तुमच्या पाहुण्यांना सांगा, आजपासून बेकरीवाली देत नाही म्हणून.