स्वतःइतकी नसलेली संख्या

एखादी संख्या स्वतःइतकीसुद्धा नसते, असं कधी ऐकलंयत का, अपियोच्या आई? — नाही ना, कोण ऐकणार. बसा. तुमच्या यजमानांचा, ओडेरांचा रेनकोट, गमबूट, सगळं कपाटात आहे, देते. फोन का आला नाही म्हणून विचारलंत, तेवढंच सांगते. पुलाखालचा मापक पाण्याची उंची या ऑफिसात पाठवतो, त्यावरून प्रोग्राम पुराचा हिशेब करतो, त्यात एक वर्गमूळ आहे. मापक उखडला की उंची शून्याखाली दिसते, आणि उणे आकड्याचं वर्गमूळ — काहीच नाही, संगणकाच्या लेखी संख्याच नाही ती. कशाहून मोठी नाही, लहान नाही, स्वतःइतकीही नाही. म्हणून मी एक ओळ लिहिली होती — ही संख्या आहे का? नसेल तर ओडेरांना फोन लाव. मग ते पुलावर जाऊन खांबावरचे आकडे डोळ्यांनी वाचायचे. मला म्हणायचे, ‘मॅडम, संगणकाला दिसेनासं झालं की म्हाताऱ्याची आठवण येते होय?’ चार वर्षांत सहा वेळा फोन गेला, सहाही वेळा ते गेले.

मग साहेब म्हणाले, हिशेबाला बारा मिनिटं लागतात, तीनवर आणा. आता आम्ही लिहितो ते संगणकाच्या भाषेत नेतो तो कंपायलर — त्याला सांगता येतं, गणित झटपट कर. पण त्याला शब्द द्यावा लागतो, की संख्या नसलेलं काही कधी येणार नाही. येणारच नाही तर विचारायचं कशाला? — त्याने ती ओळच गाळली. मी लिहिलेल्यात आहे, हे बघा, अजून आहे. संगणकावर चालतं त्यात नाही. त्याची चूक नाही हं, त्याने ऐकलं फक्त. शब्द इथूनच दिला होता. इथून म्हणजे — मी. तीन मिनिटं झाली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी दुपारी मापक उखडला. प्रोग्रामने पाहिलं, धोक्याच्या रेषेहून जास्त आहे का? — नाही. भोंगा नाही, फोन नाही. ओडेरा भातात निंदत होते, तुम्ही हाक मारलीत तर म्हणाले, फोन आला नाही म्हणजे नदी ठीक आहे — असंच म्हणाले ना? आणि नदी भातात शिरली, त्यांना घेऊन गेली. अहवालात मी लिहिलंय, मापक वाहून गेला. एवढंच. हे मला तुम्हाला सांगायचं नव्हतं. असं बघू नका, मला काही होत नाही, रडूही येत नाही. घ्या रेनकोट. जा आता, शेवटची मटाटू गाडी चुकेल. — बुधवारी सकाळी मी तो झटपटचा पर्याय काढला, मंगळवारचेच आकडे पुन्हा घातले, आणि प्रोग्रामने ओडेरांना फोन लावला.