दिनकर साठाव्या भागावर

विट्यात माझ्या वयाची दोनच माणसं एक लांबलचक जपानी चित्रकथा वाचतात, मी आणि दिनकर. मला नात इंग्रजीतून वाचून मराठीत सांगते, म्हणून रोज तिची शाळा सुटेपर्यंत थांबावं लागतं. दिनकरने तीस वर्षं कोईमतूरला सोनं-चांदी गाळायचं, गलाईचं दुकान चालवलं, तिथे इंग्रजी शिकला. तो स्वतःच वाचतो. हे मला पहिल्यापासून सलतं.

मागच्या महिन्यात चहाच्या गाड्यावर त्याने विचारलं, "कितव्या भागावर हाईस रं?"

मी चाळिसाव्यावर होतो. "आधी तुझं सांग," म्हणालो.

"साठ."

"मी बी साठच."

"मग त्ये एका हाताचं गुरुजी मेलं, तवा रडलास का न्हाई?"

"लय रडलो."

तो सगळ्यांसमोर हसला. "गुरुजी जित्तं हायती, गड्या. घावलास."

त्या दिवसापासून मी नातीकडून रोज तीन भाग ऐकले. बावन्नाव्या भागात गुरुजी खरोखरच मेले. म्हणजे दिनकरही साठावर पोचलेला नव्हता.

गाड्यावर जाऊन मी एवढंच म्हणालो, "बावन्न वाच."

दोन दिवस तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा डोळे सुजलेले होते. "एकोणपन्नासावरच हुतो," हळूच म्हणाला. "कुणाला सांगू नगंस."

मी सांगितलं नाही. पण तो एकटा वाचतो, म्हणून त्याला पोटभर रडता आलं. मला नातीसमोर डोळे कोरडे ठेवावे लागले होते.