अकरा सेकंद

विमानतळावरच्या कॉफीच्या रांगेत, लेकीला घ्यायला आलेल्या बाईंच्या पुढे दोघं बोलत उभे होते. एक पिकल्या केसांचा, विमानांना वाट दाखवणारा कंट्रोलर आणि दुसरी वही घेतलेली संशोधक मुलगी.

"काका, काल सरावाच्या पडद्यावर दोन विमानं समोरासमोर आली, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"लगेच एकाला वर चढवलं."

"लगेच नाही. रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही अकरा सेकंद गप्प आहात."

"छे! काहीतरीच काय!"

"मी तीनदा ऐकलं. घाईत माणूस निर्णय कसा घेतो, त्याचंच गणित मांडतेय मी. बाकीचे चार सेकंदांत बोलले."

"मग मी काय करत होतो?"

"नुसते बघत होतात."

"अगं, मला आठवतसुद्धा नाही."

"साहेबांना सांगितलंत?"

"बावीस वर्षं त्या खुर्चीवर काढली. कुठल्या तोंडाने सांगू?"

"आज ड्यूटी कितीला?"

"दोनला."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन. लेकीचं विमान अजून वरच होतं, दोननंतर उतरणार होतं.

कंट्रोलरने खिशातून फोन काढला. मग नंबर लावला.

"साहेब, आज माझ्या जागी दुसरं कुणी बसवा. नाही, तब्येत ठणठणीत आहे. मला माझीच भीती वाटतेय."