पहिल्या पानावरचा हात

वाशीमच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी पेपर उघडून बसल्या होत्या, मावशी अन् भाची.

"अंजनामावशे, आपल्या गावच्या नळाची बातमी! पहिल्या पानावर!"

"वाच नं लवकर, पोरी!"

"'आमदार भाऊसाहेबांच्या प्रयत्नांनी गावाला पाणी.'"

"कोनाच्या? तीन दिवस उन्हात आपन चाळीस बाया बसलो नं?"

"ते खाली हाय. 'काही महिलांनी रस्ता अडवून नागरिकांना वेठीस धरले.'"

"अवो माय! अन् फोटो?"

"भाऊसाहेब नळ उघडून राह्यले. खाली घागर धरलेला एक हात हाय. बाकी समदं कापलं."

"हातात हिरव्या बांगड्या हायेत का?"

"हायेत."

"मंग तो माहा हात हाय, नीलिमा! घागर मीच धरली होती!"

"पन पेपर भाऊसाहेबाच्या जावयाचा हाय, मावशे. तो तुहं नाव कायले छापन?"

"त्याचं ऑफिस कुठी हाय?"

"ह्या स्टँडच्या मांगंच. पन आपली बस लागली नं!"

"जाऊ दे बस. ऊठ, आन तो पेपर. त्याले विचारू, हात छापला, तं त्या हाताची बाई कुठी ठेवली?"