कोठ्यातली खाट

(अड्याळ. सरकारी दवाखान्यासमोरचा बसथांबा, दुपार. रुखमाचा नवरा धनीराम समोरच्या टपरीवर चहा आणायला गेला आहे.)

प्रतिक्षा : हळूच बोलून राहिली मी, काकू. याच्यापेक्षा हळू बोलली त मलेच आयकू येनार नाई.

रुखमा : ते पाय, तुझे काकाजी टपरीवरून इकडेच पाहून राहिले.

प्रतिक्षा : काकाजी समोसे पाहून राहिले. तुमी माझ्याकडे पाहा. डॉक्टरीनबाई काय म्हनली, समजलं का?

रुखमा : समजलं. खाज आहे म्हनली. ते त मले माहीत होतं. त्याच्यासाठी एवढ्या दूर यायचं काय काम होतं?

प्रतिक्षा : खाजेचं कारन सांगतलं न तिनं. साखर तपासली, ती बरोबर निघाली. बुरशी असन म्हून पायलं, ती बी नाई. ही कातडीचीच बिमारी आहे. पाळी गेल्यावर काही बायांले होते. तिथली कातडी पांढरी पडते, कागदावानी पातळ होते. खाजवली का फाटते.

रुखमा : पांढरी म्हंजे कोड?

प्रतिक्षा : कोड नाई.

रुखमा : महारोग?

प्रतिक्षा : नाई वो काकू. मी गावची आशा वर्कर. महारोग असता त गोळ्या घरपोच आनून दिल्या असत्या, तुमाले एसटीत कायले बसवलं असतं?

रुखमा : मंग कोनापासून लागली?

प्रतिक्षा : कोनापासूनच नाई.

रुखमा : असं कसं? कोनीतरी असनच.

प्रतिक्षा : कोनी नाई. ते लागनारं नोहेच. धानाच्या रोवन्याच्या चिखलानं नाई, नवऱ्यानं नाई. आपलंच आंग आपल्याच कातडीवर उलटते. काहून उलटते ते डॉक्टरलेबी पक्कं माहीत नाई.

रुखमा : तू पुन्हा जाऊन विचार.

प्रतिक्षा : तुमीच किती खेपा विचारलं! बाई हात धुवाले गेली त नळापर्यंत गेल्या मांगं मांगं.

रुखमा : नवऱ्यापासून नाईच?

प्रतिक्षा : नाई म्हटलं न. काहून?

रुखमा : काई नाई. दोन वर्सांपासून बकऱ्यायच्या कोठ्यात झोपून राहिले ते.

प्रतिक्षा : काकाजी? गावात त म्हनते, बकऱ्या चोरीले जातीन म्हून त्यायनं खाट तिकडे टाकली.

रुखमा : गावाले मीच तसं सांगतलं.

प्रतिक्षा : आन काकाजीले काय सांगतलं?

रुखमा : काई नाई सांगतलं. खाट नेऊन ठेवली. ते मांगं मांगं गेले, झोपले.

प्रतिक्षा : बाप्पा! बरं, आता बादलीत फिनेल टाकून बसनं बंद करा.

रुखमा : थेंबभरच टाकत होती.

प्रतिक्षा : फिनेल फरशीसाठी असते, काकू.

रुखमा : म्हून त. फरशी किती साफ होते.

प्रतिक्षा : फरशीले कातडी नसते. कपड्याची साबन नाई, कडुनिंबाचं उकळतं पानी नाई. साधं पानी, सुती कपडा. आन ती मेडिकलवाल्याची ट्यूब फेका.

रुखमा : त्यानं आठ दिवस बरं वाटे.

प्रतिक्षा : आन नवव्या दिवशी दुप्पट. आता बाईनं लिहून दिला तोच मलम, मटराच्या दान्याएवढा, ती सांगन तसाच आन ती बंद कर म्हनन तवाच बंद. आता रायली ती जखम.

रुखमा : ती भरन.

प्रतिक्षा : उन्हाळ्यापासून भरली नाई. म्हून त भंडाऱ्याले कातडीचा तुकडा काढून तपासाले सांगतलं.

रुखमा : मी नाई जात भंडाऱ्याले.

प्रतिक्षा : बहुतेक जागी काई निघत नाई. पन अशी जखम कवा कवा वाईट निघते. पायल्याशिवाय कोनाले समजन?

रुखमा : कॅन्सर म्हन न सरळ.

प्रतिक्षा : तपासाले पाठवलं म्हंजे झालाच असं नाई. आले काकाजी.

रुखमा : काई सांगू नको त्यायले. पोट दुखते म्हनून आनलं मी.

धनीराम : घ्या. समोसे थंडे होते, म्हून भजे आनले. ते बी थंडेच आहेत, पन ते सकाळचे आहेत, समोसे कालचे.

प्रतिक्षा : काकाजी, काकूले येत्या मंगळवारी भंडाऱ्याले न्या लागते.

धनीराम : पोटासाठी?

प्रतिक्षा : ते काकू सांगन. मी मलम घेऊन येते, खिडकीवर लाइन आहे. बस आली त निघा, मी मांगच्या बसनं येईन.

धनीराम : चांगली पोरगी आहे. भजे नाई नेले तिनं.

रुखमा : हं.

धनीराम : पोट नोहे न?

रुखमा : नाई.

धनीराम : मले वाटलंच. पोट दुखनारा मानूस असा एका कुशीवर नाई बसत.

रुखमा : तुमी कवा पायलं?

धनीराम : कोठ्यातून आंगन चांगलं दिसते.

रुखमा : खाज आहे. खाली. लघवीच्या जागी. जखम झाली आता.

धनीराम : कवापासून?

रुखमा : तुमी नाटकावरून परत आले त्या होळीपासून. मले वाटलं, तुमी आनली.

धनीराम : मी? कुठून?

रुखमा : वडशाच्या नाटक मंडळातून. तिथं नाचनाऱ्या बाया राहते.

धनीराम : मी पडदा ओढत होतो वो. बाया पडद्याच्या समोर, मी बाजूले दोर धरून. हंगामभर दोराकडे पायलं मी. नजर हटली का पडदा नायकाच्या डोक्यावर पडे.

रुखमा : मले काय माहीत? तुमी आले आन मले खाज सुटली.

धनीराम : मी आलो तवा गावात विजेची नवीन डीपी बी बसली होती.

रुखमा : मस्करी नोका करू.

धनीराम : मस्करी नाई. म्हून मारलं का मले?

रुखमा : मी कवा हात लावला तुमाले?

धनीराम : फोनवर. दिवाळीच्या आंधी मंडळाच्या मालकाचा फोन आला होता, मंडईच्या जत्रेतली नाटकं सुरू होनार म्हून. तू सांगतलं, वारले.

रुखमा : कोनं सांगतलं तुमाले?

धनीराम : तबलेवाला नत्थू. मांगच्या साली इथंच बाजारात भेटला. मले पायलं आन कांद्याच्या ढिगावर बसला. मीच पानी पाजलं त्याले. मंग म्हने, तुमच्यासाठी सारे दोन मिनिटं उभे राहिले, पहिला अंक उशिरा सुरू झाला. आता नव्या पडदेवाल्याले आंधी माझ्या फोटोच्या पाया पडा लागते.

रुखमा : फोटो कुठला त्यायच्याजवळ?

धनीराम : एका रात्री परेताचं काम करनारा बिमार पडला, त मले तिरडीवर झोपवलं होतं. तवाचा. माझा तेवढाच फोटो आहे त्यायच्याजवळ. नत्थू म्हने, चांगला आला.

रुखमा : मांगच्या साली समजलं, त बोलले काहून नाई?

धनीराम : काय बोलू? बायको उगाच कोनाले मारत नाई. काईतरी असन, सांगन कवातरी. रात्री कवाड वाजे त मले वाटे, आली. मंग बकरी शिंग घासताना दिसे.

रुखमा : डॉक्टरीनबाई म्हनते, तुमच्यापासून नाई लागलं. कोनापासूनच नाई.

धनीराम : बरं झालं.

रुखमा : काय बरं झालं? दोन हंगाम गेले तुमचे.

धनीराम : पडदा कोनीबी ओढते. भंडाऱ्याले कायले जाचं आहे?

रुखमा : तुकडा काढून पाहनार आहे. वाईट बी असू शकते. मी नाई जात.

धनीराम : काहून?

रुखमा : तिथं मरद डॉक्टर असला त? काय सांगू त्याले? या प्रतिक्षाले सांगाले मले दोन वर्सं लागली.

धनीराम : मी सांगन त्याले.

रुखमा : तुमाले लाज नाई वाटनार?

धनीराम : मेलेल्या मानसाले कायची लाज? मंगळवारी पहिल्या बसनं निघू.

रुखमा : आन वाईट निघालं त?

धनीराम : ते बी दोघंच आयकू. चहा पी, साय आली त्याच्यावर.

रुखमा : घरी गेल्यावर खाट आत आना.

धनीराम : आज नाई आनता येत. खाटेखाली बकरी व्याली आहे, ती कोनाले हलू देत नाई.

रुखमा : मंग माझी गोधडी तिकडे नेऊन ठेवा. पन रात्री लय खाज सुटते मले. लाईट लावून उठत-बसत राहते. तुमची झोप मोडन.

धनीराम : तुझा लाईट लागते तवा मीबी तिकडे उठूनच बसलो राहतो.