शब्द तुहाच होता

कमलाबाई राठोड, टायपिस्ट, जिल्हा यवतमाळ

मी मूळची पुसदकडच्या तांड्यावरची. आमी बंजारा, घरी गोरबोली बोलतो, आईले याडी म्हणतो, शेजारी मराठी अन् बाजारात हिंदी, म्हणून मले लहानपणापासून सवय की एकच गोष्ट तीन जागी तीन शब्दांनी सांगा लागते. बाप गवंड्याच्या हाताखाली कामाले म्हणून या शहरात आला. नाल्याच्या काठी जागा होती, कोणाचीच नव्हती म्हणजे सरकारची होती, तिथं आमची वस्ती बसली. शहराचं नाव लिहू नका, जिल्हा लिहा फक्त. नाव लिहिलं का तुमच्या घरी चार पोरं गाडीवर येतील, दादा-दादा करतील अन् दारात थुंकून जातील. माह्या घरी येऊन गेली. माहं नाव लिहा, त्याचं नका लिहू. त्याचं नाव तं चौकाचौकात लटकून आहे, अजून एका जागी कायले पाह्यजे.

त्याले सारे भाऊ म्हणतात. आमच्या शहराचा आमदार. आता तीन खेपा निवडून आला, चौथीची तयारी करून राह्यला. पण पहिल्या खेपेच्या आधीचा भाऊ वेगळा होता, हे मले सांगाच लागन, नाही तं तुमी म्हणसान बाई रागात बोलून राह्यली. रागातच बोलून राह्यली मी, पण खोटं नाही बोलत. वस्तीत नळ नव्हता तवा हा माणूस आमच्या बायांसंग रिकाम्या घागरी घेऊन नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसला, आखा दिवस, चैताच्या उन्हात. याडीनं त्याले भाकर देल्ली, ठेचा देल्ला, नाक पुसत पुसत खाल्ला त्यानं, म्हणे माय, हा ठेचा तिकडं आत नेऊन द्या, साहेब लवकर उठतीन. आमी लय हासलो. नळ आला. नळ आला म्हणून मतं देल्ली, कोणाच्या सांगण्यावरून नाही.

निवडून आला तं याडी त्याच्याकडं गेली, म्हणे माही पोरगी मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली, तिले कुठं तरी लावा. तो म्हणे कुठं तरी कायले, माह्याकडंच पाठवा. असं माहं काम लागलं, भाऊच्या जनसंपर्क कार्यालयात. तिथं गजूभाऊ म्हणून त्याचा पीए, त्यानं मले शिकवलं पत्र कसं लिहाचं. महोदय, उपरोक्त विषयान्वये. मले लय आवडे ते. आमच्या तांड्यात उपरोक्त म्हणणारं कोणी झालं नव्हतं. लोकं सकाळपासून ओट्यावर बसत, कोणाले दवाखान्यात भरती पाह्यजे, कोणाच्या बायकोची बदली, कोणाचं नाव रेशनकार्डातून उडालं. आमदाराचं काम म्हणजे काय असते साहेब, लोकाईले वाटते भाषण. भाषण वर्सातून चार वेळा. बाकी सारी पत्रं. पत्रावर चालते आमदारकी, अन् पत्रं मी लिहो.

आता नीट ऐका, कारण सारं इथंच आहे. पत्राच्या शेवटच्या ओळीत दोन शब्दांपैकी एक टाकाचा असे. गजूभाऊ आतून येये, अर्जावर बोट ठेवे, म्हणे याले विशेष बाब म्हणून टाक. दुसऱ्याले म्हणे, याले नियमानुसार टाक. बस. काहून ते त्यानं कधी सांगतलं नाही अन् म्या कधी विचारलं नाही. मले वाटे मले समजलं. विशेष बाब म्हणून कार्यवाही व्हावी, म्हणजे हा माणूस नियमात बसत नाही, याच्यासाठी पदर पसरून राह्यलो. अन् नियमानुसार कार्यवाही व्हावी, म्हणजे हा सरळ माणूस आहे, याचा हक्क आहे, द्या. मी नियमानुसार लिहितांना मान ताठ करून लिहो. हासू नका. तुमीबी पुस्तकातूनच शिकले असान नियम म्हणजे काय ते.

दुसऱ्या खेपेले निवडून आला तं खुर्चीवर पांढरा टॉवेल आला. तिसऱ्या खेपेच्या आधी त्यानं पक्ष बदलला, सकाळी गेला अन् दुपारच्या जेवणाच्या आत लेटरहेडचा रंग बदलायचं फर्मान आलं. जुने गठ्ठे म्या वस्तीत नेले, पोरांनी पाठीमागं गणितं केली. ज्या लोकाईले हा दहा वर्सं चोर म्हणून राह्यला होता त्याईच्यासंग फोटो निघाला, अन् म्या तो फोटो कार्यालयात खिळा ठोकून लावला. म्या लावला. माह्या हातानं. कोणी विचारलं तं सांगो, भाऊले कामं कराची आहेत, सत्तेत गेल्याशिवाय कामं होत नाहीत. हे वाक्य गजूभाऊचं होतं, पण तोंड माहं होतं.

मंग आमच्या नाल्याची पाळी आली. काठानं रस्ता होणार, बगीचा होणार, लोकं सकाळी फिराले येणार. मोजणीवाले येऊन चुना टाकून गेले. आता आमच्याजवळ पुरावा होता. जुन्या वस्तीले घराचा पट्टा, म्हणजे जागेचा कागद, भेटते असा नियम आहे, अन् आमच्याकडं रेशनकार्ड, नळाची पावती, मतदार यादी, सारं होतं. शेजारच्या सुभद्राकाकू भाजी विकतात, त्या आल्या, म्हणे कमले, तू तं आमदाराच्या खुर्चीजवळ बसते, एक पत्र लिहून आण. सारी वस्ती मागं उभी. म्या भाऊले म्हणलं. त्या दिवशी त्याचा मूड चांगला होता, म्हणे कमला, तुह्या वस्तीचं पत्र तूच कर, तुले जे लिहाचं ते लिही, मी सही करतो.

असं त्यानं कोणालेच म्हणलं नव्हतं कधी. म्या डबा नाही खाल्ला. तीनदा लिहिलं, चौथ्यांदा टाइप केलं, एकबी खाडाखोड नाही. अन् शेवटच्या ओळीत आपल्या मनानं, कोणी न सांगता, लिहिलं, सदर रहिवाशांना नियमानुसार पट्टे मिळावेत. भीक नव्हती मागाची मले. भाऊनं वाचलं. मंग पुन्हा वाचलं. गालात हासला. सही केली, पेन खिशाले लावला अन् म्हणे, छान लिहिते तू.

दीड वर्स काहीच नाही. मी तहसीलीत गेली. तिथं एक म्हातारे बाबू होते, रिटायर व्हाले आलेले, त्याईनं फाइल काढली अन् चष्म्यावरून माह्याकडं पाह्यलं. म्हणे बाई, तुमी त्याच ऑफिसातल्या अन् तुमाले माहीत नाही? आमी पत्र वाचतच नाही, शेवटची ओळ पाहतो. विशेष बाब असलं का भाऊले काम पाह्यजे. नियमानुसार असलं का भाऊचा नकार आहे, माणूस दारातून परत पाठवाचा म्हणून पत्र देल्लं, फाइल बंद. हे ठरलेलं आहे, पहिल्या खेपेपासून.

पहिल्या खेपेपासून. म्हणजे ठेचा खाल्ला त्या वर्सापासून. मी तिथंच बाकावर बसली. मले वस्ती नाही दिसली तवा, मले ओट्यावरची माणसं दिसली. ज्याईचं पत्र म्या मान ताठ करून लिहिलं ते सारे. एका बाईनं माहे हात धरले होते, पोराच्या दवाखान्याचं पत्र भेटलं म्हणून. तिच्या पोराचं काय झालं, मले माहीत नाही.

महिन्याभरात जेसीबी आला. नाल्याकडची घरांची पहिली ओळ पाडली. सुभद्राकाकूनं सामान नाही काढलं आधी, घराचा दरवाजा काढला, चौकटीसकट, एकटीनं, सब्बल घेऊन. म्हणे भिंत पुन्हा बांधता येते, सागवान कुठून आणू. तो दरवाजा आज माह्या भिंतीले टेकून आहे, अन् काकू माह्या घरात आहे.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेली. ओटा भरलेला. पत्राची झेरॉक्स त्याच्यासमोर ठेवली. म्हणलं भाऊ, तुमाले माहीत होतं. त्यानं कागद वाचलाबी नाही. म्हणे, कमला, शब्द तुहाच होता न.

गजूभाऊ हासला. दोनचार लोकं हासले, आमदार हासते तं हासा लागते. म्या म्हणलं, हाव, शब्द माहा होता, पण वाचता तं तुमाले येत होतं. मंग ओट्यावर आली अन् बसलेल्या लोकाईले सांगतलं, तुमच्या पत्राची शेवटची ओळ वाचा, अन् दोन्ही शब्दांचा अर्थ सांगतला. मोठ्यानं सांगतला. गजूभाऊ म्हणे चहा घे, चहा घे. तवापासून मले त्या रस्त्यानं जाऊ देत नाहीत, अन् तवापासूनच ती पोरं गाडीवर येतात.

आता मी तहसीलीसमोर टेबल टाकून बसते. अर्ज टाइप करते. कोणाच्याच पत्राची गरज नाही असं लिहिते, कलम लिहिते, तारीख लिहिते, पोच घ्या म्हणते. आमची दुसरी ओळ उभी आहे अजून, दारावर नोटीस चिकटवून गेले आहेत. सोमवारी सुनावणी आहे. वकील नाही आमच्याकडं, मीच बोलणार आहे. जिंकू का, माहीत नाही. काकू म्हणते हरलो तं दुसरा दरवाजा काढू. तिले असंच बोलता येते.

तुमी मघा विचारलं, त्याले शाप देता का. नाही जी. याडीनं भाकर देल्ली त्याले, शाप लागत नाही. मी आशीर्वाद देते. भाऊ, लय वर्सं जग. खुर्ची जाऊ दे, गाडी जाऊ दे, चौकातले बॅनर वारा घेऊन जाऊ दे, पण तू जग, अन् एक दिवस खरं काम घेऊन तहसीलीच्या त्या खिडकीसमोर ये, जिथं तुले कोणी ओळखत नाही. आमच्या बायांच्या मागं उभा राह्य. रांग लय हळू सरकते तिथं, अन् सावली नाही. सुभद्राकाकू तुले पाणी विचारन, ती तशीच बाई आहे.

मी नाही विचारणार.